घराखाली थंडी हवी: अँकरेज ते फेअरबँक्स, १९८६

अलास्काला जायचं आमचं काही स्वप्न वगैरे नव्हतं. ओहायोतल्या डब्लिनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाच्या सुट्ट्या तेव्हा ठरलेल्या असत. एक वर्षाआड भारत, आणि मधल्या वर्षी भारतातून आलेल्या कुणाला तरी घेऊन नायगारा. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात भारतातून कुणी आलं नाही, आणि जुलैमध्ये फेअरबँक्सहून अच्युतकाकांचा फोन आला.

अच्युतकाका माझ्या वडिलांचे नागपूरचे वर्गमित्र. भूल देणारे डॉक्टर. अलास्कातली तेलाची पाइपलाइन व्हायच्या आधी फेअरबँक्सच्या इस्पितळात दोन वर्षांसाठी म्हणून गेले, ते तिथलेच झाले. फोनवर त्यांनी सांगितलं की घर एका कोपऱ्यात खचतंय. दर उन्हाळ्यात थोडं खचायचं, ते स्वतः जॅक लावून सारखं करायचे, पण यंदा जरा जास्तच गेलंय. मी कोलंबसमधल्या एका छोट्या फर्ममध्ये पार्किंग गराजचे आणि लहान पुलांचे पाये डिझाइन करत असे. कायमच्या गोठलेल्या जमिनीबद्दल मला पुस्तकात होतं तेवढंच ठाऊक होतं, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, ज्यांना ठाऊक आहे ते इथे पुष्कळ आहेत, मला घरचं माणूस हवंय.

उदय, माझा नवरा, शेजारी उभा राहून ऐकत होता. मी फोन ठेवायच्या आधीच त्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. "चल यार, जाऊन येऊ. एरवी आपण कशाला जाणार आहोत तिकडे," एवढंच त्याचं म्हणणं होतं.

आम्ही ऑगस्टचा शेवट निवडला, आणि तुम्ही जाणार असाल तर मीही तोच सुचवीन. डास बरेचसे संपलेले असतात, बर्चची पानं पिवळी पडायला लागतात आणि मोटेलवाले भाव थोडे उतरवतात. माझं कारण वेगळं होतं. उन्हाळाभर वितळत वितळत जमीन ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सर्वांत खोलपर्यंत मऊ झालेली असते. खचलेलं घर बघायचं तर तेव्हाच.

कोलंबसहून सिअ‍ॅटल, तिथून अँकरेज. बॅगेत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट आमच्यासाठी; हिंग, गोडा मसाला आणि कोकम निर्मलाकाकूंसाठी. सरळ फेअरबँक्सला उतरता आलं असतं, पण उदयला रस्ता बघायचा होता. भाड्याच्या गाडीच्या कागदावर आमच्याकडून वेगळी सही घेतली की गाडी खडीच्या रस्त्यावर नेणार नाही. अलास्कात ही अट पाळायची म्हणजे नकाशावरचे अर्धे रस्ते विसरायचे. आम्ही विसरलो.

पहिल्या दिवशी अँकरेजहून पूर्वेला निघालो. पामरच्या बाजाराबाहेर कोबीचे गड्डे पाहिले. एक गड्डा उचलायला दोन माणसं लागतील असे. उन्हाळ्यात दिवस मावळतच नाही, म्हणून भाजी वाढतच राहते असं विकणाऱ्या बाईंनी सांगितलं. पुढे मॅटनुस्का हिमनदी रस्त्यावरूनच दिसते. खाली उतरून जवळ जाता येतं, त्याचे पैसे पडतात. आम्ही वरूनच पाहिली. ती मळकट निळी होती, आणि तिच्याकडून येणारा वारा कोल्डस्टोअरेजचं दार उघडावं तसा होता.

ग्लेनॅलन जवळ यायला लागलं तसा रस्ता लाटा घ्यायला लागला. सपाट माळावरचा सरळ डांबरी रस्ता, आणि गाडी मात्र होडीसारखी वर-खाली. जिथे उसळी मोठी तिथे कडेला काठीवर छोटं झेंडूच्या रंगाचं निशाण. उदयला वाटलं कंत्राटदाराने पैसे खाल्लेत. मी त्याला सांगितलं की कंत्राटदाराचा यात दोष नसावा. काळं डांबर ऊन पितं, खालचा बर्फ वितळतो, माती बसते. पुन्हा हिवाळ्यात पाणी गोठून फुगतं आणि माती वर येते. दोन्ही बाजूंची काळपट सुरूसारखी झाडंही कुणी इकडे, कुणी तिकडे कललेली होती. तिथले लोक त्यांना झिंगलेली झाडं म्हणतात. त्यांच्या मुळांखालचा बर्फ जागोजागी वितळलेला असतो.

ग्लेनॅलनमध्ये मुक्काम. शाकाहारी माणसाला तिथे दोनच गोष्टी मिळतात: चीज घालून भाजलेला ब्रेड आणि आंबवलेल्या पिठाचे पॅनकेक. पॅनकेकला चक्क आपल्या आंबोळीचा वास येतो. पेट्रोल ओहायोपेक्षा बरंच महाग, आणि पुढचा पंप बंदही असू शकतो, म्हणून दिसला पंप की टाकी भरायची.

दुसऱ्या दिवशी उत्तरेला वळलो आणि थोड्याच वेळात पाइपलाइन दिसायला लागली. फोटोत पाहिली होती तरी गाडी थांबवली. ज्या जमिनीत बर्फ नाही तिथे ती पुरलेली आहे, आणि जिथे बर्फ आहे तिथे खांबांवर चढवलेली. नळीतलं तेल गरम असतं. ती सरळ जमिनीत पुरली असती तर स्वतःच्याच उष्णतेने स्वतःच्या खालची जमीन वितळवून तीच मोडली असती. खांबांच्या डोक्यावर पत्र्याचे पंख असलेल्या नळ्या उभ्या आहेत. त्यांत अमोनिया भरलेला असतो. हिवाळ्यात वरची हवा जमिनीपेक्षा थंड झाली की खालचा अमोनिया उकळून वर येतो, पंखांत थंड होऊन पुन्हा खाली गळतो, आणि प्रत्येक फेरीत जमिनीतली थोडी उष्णता बाहेर टाकतो. पंप नाही, वीज नाही, माणूस नाही. उन्हाळ्यात ते आपोआप थांबतं. हिवाळ्याची थंडी जमिनीत साठवून उन्हाळा निभावायचा, एवढाच हिशोब. मी खांबाखाली जरा जास्त वेळ उभी राहिले असेन, कारण उदय गाडीत बसून चटणी-दशमी खाऊन मोकळा झाला होता.

त्याच रस्त्यावर पुढे टॅनना नदीवर थांबा. तिथे पाइपलाइन तारांना टांगून नदीपार नेली आहे, आणि तिच्या शेजारून गाड्यांचा पूल जातो. पुलावर वारा फार. टोपी गाडीतच ठेवा.

फेअरबँक्सला पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. गावात घुसताना लक्षात आलं की प्रत्येक गाडीच्या पुढच्या जाळीतून विजेचा प्लग लोंबतोय. हिवाळ्यात पारा उणे चाळीसला जातो, तेव्हा गाडी उभी करून इंजिन तारेने गरम ठेवावं लागतं. पार्किंगमध्ये प्रत्येक जागेसमोर त्यासाठी खांबावर सॉकेट असतो. उणे चाळीसचं एक बरं, फॅरनहाइट की सेल्सिअस हे विचारावं लागत नाही.

काकांचं घर गावाबाहेर, टेकडीच्या उत्तर उतारावर होतं. लाकडी, वर एक मजला आणि खाली अर्धं जमिनीत गेलेलं तळघर. निर्मलाकाकू दारात उभ्या होत्या. साठीच्या जवळ आलेल्या, सडसडीत, पँट आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. मला त्या नागपूरच्या लग्नांतून नऊवारीत आठवत होत्या. त्यांनी आम्हाला आत घेतलं, आणि आत पाऊल टाकल्याबरोबर पायांना कळलं. जमीन उतरती होती. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं, पण आपण न ठरवताच खिडकीकडे चालायला लागायचो.

काकूंनी त्या घराशी जुळवून घेतलं होतं. शेगडीच्या दोन पायांखाली लाकडाच्या पाचरी होत्या. तरी फोडणीचं तेल कढईत एका बाजूला जमायचं, म्हणून त्या मोहरी त्याच बाजूला टाकायच्या. दारं लागेनाशी झाली तशी खालून रंधून घेतली होती. जेवण झाल्यावर त्या मला तळघरात घेऊन गेल्या. ते त्यांचं खास राज्य होतं. घर गरम ठेवणारी भट्टी तिथेच, त्यामुळे घरातली सर्वांत उबदार जागा. ट्यूबलाइटखाली कढीपत्त्याची दोन झाडं, मेथीच्या ट्रे, शिवणयंत्र, एक आरामखुर्ची. पहिली दोन वर्षं आपण रडून काढली, ही खोली झाली तेव्हा कुठे इथे राहायला लागलो, असं त्यांनी सहज सांगितलं. कोपऱ्यातल्या भिंतीला हाताची चार बोटं जातील एवढी भेग होती. त्यात काकूंनी जुनी दुलई कोंबली होती.

मी भिंतीला हात लावला. कोमट होती. जमिनीखाली बर्फ, आणि त्या बर्फात बारा-तेरा वर्षं पेटती भट्टी ठेवलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मला गाव दाखवायला घेऊन निघाले. उदयला काकूंनी जळाऊ लाकडं रचायला ठेवून घेतलं. गावात काकांनी मला रस्त्याचा एक तुकडा दाखवला. त्यावर कुणीतरी पांढरा रंग मारून पाहिला होता, डांबराने ऊन कमी प्यावं म्हणून. खाली बर्फ टिकतो, पण रंग ओला झाला की गाड्या घसरतात, असं ते म्हणाले. मग त्यांनी नदीकाठी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

तेलाचे भाव त्या वर्षी कोसळले होते. गावातली कामं गेली, घरांच्या किमती पडल्या, आणि त्यांच्या गल्लीतली दोन कुटुंबं घराच्या किल्ल्या बँकेच्या हवाली करून निघून गेली होती. काकांना त्यांचं काही वाटत नव्हतं. त्यांना स्वतःला निघायचं होतं. त्यांची मुलगी शुभदा बर्फ न पडणाऱ्या फ्रीमाँटला होती, तिला नुकतं बाळ झालं होतं. हिवाळ्यात पहाटे इस्पितळाचा फोन आला की बर्फावरून गाडी नेताना आता हात कापतात, हे त्यांनी मान वळवून, नदीकडे बघत सांगितलं. भूल देणाऱ्याचे हात कापून कसं चालेल, असंही म्हणाले.

"तू निर्मलाला एवढंच सांग, की हे घर आता राहत नाही," ते म्हणाले. "माझं ती ऐकणार नाही. इथल्या इंजिनिअरचंही ऐकलं नाही, म्हणाली तो काम मिळवायला बघतोय. तुझं ऐकेल."

मी विचारलं, आणि राहत असेल तर?

"राहत असेल तरी," काका म्हणाले.

मी त्यांना म्हटलं, काका, आधी मला बघू द्या. त्यांनी मान हलवली आणि गाडी चालू केली. परत येताना ते माझ्या वडिलांच्या ब्लडप्रेशरबद्दल विचारत राहिले.

दुपारी गॉर्डन आला. सरकारी रस्त्यांच्या नोकरीतून निवृत्त झालेला इंजिनिअर. आता खचलेली घरं उचलायचा धंदा करायचा. काकू ज्याच्याबद्दल संशय घेत होत्या तो हाच. मीच काकांना त्याला बोलवायला सांगितलं होतं, कारण मला या जमिनीचं काही कळत नव्हतं आणि त्याला कळत होतं. चिखलाच्या बुटांसकट तो दारातच थांबला, आणि काकूंनी चहाला विचारलं नाही.

त्याच्याकडे पहारीसारखी लांब, बारीक लोखंडी सळई होती. घरापासून लांब, झाडांमध्ये, जिथे शेवाळाची जाड गादी तशीच होती, तिथे त्याने ती मला रोवायला दिली. गुडघाभर गेली आणि थांबली. दगड नव्हे, दगडावर सळई किणकिणते, इथे नुसती मुकाट अडली. खाली बर्फाची माती. मग आम्ही घराच्या खचलेल्या कोपऱ्याशी आलो. तिथे सळई माझ्या हातातून पूर्ण आत गेली. त्याने दुसरी जोडली, तीही गेली. घराने आपल्या खाली वाडग्यासारखा खड्डा वितळवला होता, आणि त्यात सरबरीत चिखल भरला होता.

मी विचारलं, मग आशा नाही?

गॉर्डनचं उत्तर लांबलचक होतं. या जागेवर नाही, पण याच प्लॉटवर आहे. घर लाकडी आहे, हलकं आहे. खाली लोखंडी तुळया सरकवायच्या, जॅकने उचलायचं, आणि वरच्या अंगाला, झाडांजवळ, जिथे बर्फ शाबूत आहे तिथे न्यायचं. तिथलं शेवाळ अजिबात खरवडायचं नाही. त्यावर खडी-मुरमाचा जाड भराव घालायचा आणि भरावावर खांब. घर जमिनीपासून कमरेएवढं उंच, खालून चारी बाजूंनी मोकळं. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर फिरकीचा जॅक, म्हणजे एखादी बाजू थोडी बसली तर पाना घेऊन सारखी करता येते. फरशीच्या पोटात जाड फोम. हिवाळाभर घराखालून वारा वाहू द्यायचा. घर वरती गरम, त्याच्या पायाखालची जमीन थंड, आणि दोघांची गाठ पडू द्यायची नाही.

"आणि तळघर?" मी विचारलं.

त्याने तळघराच्या खिडकीकडे बघितलं. आत कढीपत्त्याची झाडं दिसत होती. बुजवायचं, तो म्हणाला.

पाइपलाइनने जे केलं होतं तेच हे. मी त्याला खर्च विचारला. तो आकडा लहान नव्हता, पण काकांना न पेलणारा नव्हता. त्याने एक गोष्ट आणखी सांगितली. बाई म्हणतात तसं मला काम हवंच आहे, पण दोन वर्षं अजून थांबलात तर ते काम कुणालाच घेता येणार नाही.

मी संध्याकाळपर्यंत अंगणात फिरत राहिले. काकांनी मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं. त्यांची मागणी समजण्यासारखी होती. घर राहत नाही हे वाक्यही अगदीच खोटं ठरलं नसतं, कारण त्या जागेवर ते राहणार नव्हतंच. पण काकू उद्या दुसऱ्या कुणाला विचारतील आणि त्यांना खरं कळेल, ही भीती मला वाटत नव्हती. त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारलंच नसतं. तेच मला जड जात होतं.

जेवायला बसलो. काकूंनी मुगाची खिचडी आणि कढी केली होती. कढी प्रत्येकाच्या वाटीत तिरकी दिसत होती. वाढून झाल्यावर त्या बसल्या आणि म्हणाल्या, "वाचतं की नाही, तेवढं सांग."

मी काकांकडे बघितलं नाही. "वाचतं," मी म्हटलं, "पण तुमचं तळघर द्यावं लागेल."

मग मी सगळं सांगितलं. सळई कुठे किती गेली, भट्टीची ऊब खाली काय करते, घर उचलून कुठे न्यायचं, खालून वारा का हवा. काकूंनी मध्येच एकदा विचारलं की म्हणजे इतकी वर्षं मीच खाली बसून घर बुडवत होते का. मी म्हटलं, ज्याने तळघर खणलं त्याने. काकांनी खिचडी संपवली, उठले, स्वतःचं ताट विसळलं आणि बाहेर लाकडांच्या ढिगाकडे गेले. उदयने माझ्याकडे पाहिलं. त्याला नदीकाठच्या बोलण्याचं काहीच माहीत नव्हतं. तरी तो काकांच्या मागे गेला.

पुढच्या दिवशी सकाळी काकूंचा पाणी आणायचा वार होता. त्या टेकडीवर विहीर लागत नाही, गावाचा नळ पोचत नाही. त्यामुळे आठवड्यातून एकदा पिकअपच्या मागे टाकी ठेवून गावातल्या पंपावर जायचं आणि भरून आणायची. काकू स्वतः ड्राइव्ह करायच्या. पंपावर टाकी भरत असताना त्या गाडीला टेकून उभ्या राहिल्या. तिथे येणारा प्रत्येक जण त्यांना नावाने हाक मारत होता. त्या सार्वजनिक वाचनालयात काम करत होत्या. सत्तरच्या दशकात रडत बसलेल्या बाईला तिथल्या एका ग्रंथपालबाईने लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायला बोलावलं, तिथून ते सुरू झालं होतं.

"ह्यांना जायचंय," काकू म्हणाल्या. "मला दोन वर्षं माहितीये. पण ते स्वतः बोलत नाहीत, घराच्या तोंडून बोलतात."

मी विचारलं, तुम्ही कधी सरळ विचारलं नाहीत?

"विचारलं की नाही म्हणतात. नाही म्हणाले की मी विषय सोडते. मलाही ते सोयीचंच होतं." टाकी भरली. त्यांनी नळी गुंडाळली, आकड्याला लावली. "तिकडे गेले तर मी शुभदाची आई. बाळाची आजी. चांगलंच आहे ते. पण इथे मला लोक निर्मला म्हणतात."

परतताना गाडी जड झाल्यामुळे सावकाश चालली होती. काकूंनी विचारलं, त्यांनी तुला काही सांगितलं होतं का. मी म्हटलं, ते तुम्ही काकांनाच विचारा. त्यांनी एवढ्यावरून ओळखलं असणार. पुढे एका वळणावर त्यांनी हाताने दाखवलं. एक पिवळं रिकामं घर, मधोमध कमरेत मोडल्यासारखं. किल्ल्या बँकेत देऊन गेलेल्यांपैकी एकाचं.

त्या संध्याकाळी चहाच्या वेळी काका बोलले. आम्ही उठायला लागलो, तर त्यांनीच बसा म्हटलं. बहुधा आम्ही नसतो तर त्यांचं धाडस झालं नसतं. "निर्मला, मला हिवाळ्याची भीती वाटायला लागलीये," ते म्हणाले. घर नाही, हिवाळा. गाडीबद्दल सांगितलं, हातांबद्दल सांगितलं.

काकूंनी त्यांच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हे आधी सांगायचं होतंत. मी तुमची गाडी चालवली असती." आणि थोड्या वेळाने, "मला जायचं नाहीये, तेही ऐकून ठेवा."

पुढचं आमच्यासमोर झालं नाही. आम्ही फिरायला निघून गेलो. उतारावर ब्लूबेरी पिकली होती, ती खात बसलो. परत आलो तेव्हा दोघंही टीव्हीसमोर होते आणि हवामानाच्या बातम्या चालू होत्या.

परतीचा रस्ता आम्ही पश्चिमेकडून, डेनाली पर्वताजवळून घेतला. हा रस्ता जास्त चांगला आणि जास्त गर्दीचा. पर्वत दिसेलच असं समजून जाऊ नका. आम्ही दोन तास थांबलो, ढगांकडे बघितलं आणि निघालो. तिथल्या राष्ट्रीय पार्कमध्ये खाजगी गाडी थोड्याच अंतरापर्यंत सोडतात, पुढे बसनेच जावं लागतं, आणि तिची जागा आधी पकडावी लागते. आम्हाला मिळाली नाही. निरोप घेताना काकूंनी मेथीच्या भाजीचा डबा दिला होता, तो हीली गावाच्या पुढे एका बाकावर बसून संपवला. काकांनी निघताना उदयचा हात हातात घेऊन निरोप दिला होता. मला फक्त "सांभाळून जा" म्हणाले होते.

डब्लिनला आल्यावर पुढच्या आठवड्यात मी पुन्हा पार्किंग गराजवर होते. उदयने मित्रांना कोबीचे फोटो दाखवले. काकांचा फोन आला नाही. दिवाळीला मी केला, तर काकूंनी घेतला. हे कामावर, इस्पितळात आहेत म्हणाल्या. त्यांनीच सांगितलं की काकांनी रात्रीच्या ड्यूट्या सोडल्यात, सकाळी त्या स्वतः त्यांना इस्पितळात सोडतात आणि मग वाचनालयात जातात. जानेवारीत दोन महिने फ्रीमाँटला जायचं ठरलंय, फेब्रुवारीअखेर परत. उन्हाळ्यात गॉर्डनने घर उचललं. मला फोटो आला: आमच्या ओळखीचं घर खांबांवर, खालून पलीकडची झाडं दिसतायत. एक कढीपत्ता स्वयंपाकघराच्या खिडकीत जगला, एक गेला.

नंतरच्या वर्षांत मी थंड प्रदेशातलं काही डिझाइन केलं नाही. मिनेसोटातल्या एका गोदामाचं काम आलं तेव्हा तिथे हिवाळ्यात जमीन किती खोल गोठते ते मी जरा जास्त चौकसपणे विचारलं, एवढंच. तुम्ही गेलात तर फेअरबँक्सच्या आसपास खांबांवरची घरं जरूर बघा. आता ती तिथे नेहमीची झाली आहेत आणि कुणी तिकडे वळून बघत नाही. आणि हो, रस्त्यावरची ती रंगीत निशाणं दिसली की वेग कमी करा.

घर उचलल्यानंतरच्या वसंतात काका डॉक्टरांच्या एका परिषदेसाठी कोलंबसला आले आणि एक दिवस आमच्याकडे राहिले. जेवले, उदयशी क्रिकेटवर बोलले, माझ्या वडिलांना आमच्या फोनवरून भारतात कॉल लावून दिला तेव्हा बराच वेळ हसत होते. घराचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. विमानतळावर मी सोडायला गेले. त्यांनी बॅग काढून घेतली, गाडीचं दार लावायच्या आधी ते वाकून म्हणाले, "अजून तिथे राहतोय ते तुझ्यामुळे."

मी विचारलं, थंडी लागते का काका, फरशीला?

"थंडी नाही. आवाज होतो," ते म्हणाले. "खालून पोकळ ना, पाऊल टाकलं की घरभर ऐकू येतं. मी म्हटलं गालिचे टाकू. तर ती नको म्हणते. म्हणते, तुम्ही कुठल्या खोलीत आहात ते कळतं मला."

त्यांनी गाडीचं दार लावलं, आणि ते विमानतळाच्या आत गेले.